श्वसनस्नायूंचे बळ : निरोगी माणसाचा ‘सामान्य’ आकडा कसा ठरतो

बंगळुरू : स्वतःहून फुगण्याची सोय फुप्फुसांत नसते. त्यांना फुगवण्याचे काम श्वासपटल, बरगड्यांमधील स्नायू आणि गरज पडल्यास मानेचे स्नायू करतात. जोराने हवा बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः पोटाच्या स्नायूंचे असते. हे स्नायू दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास वेळा काम करतात, तरी दंड किंवा पोटरीप्रमाणे त्यांचे बळ बाहेरून चाचपून पाहता येत नाही. ते मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोंडाशी निर्माण होणारा दाब मोजणे हा आहे. पूर्ण बळ लावून हवा आत ओढताना जो ऋण दाब तयार होतो, त्यास कमाल अंतःश्वसन दाब म्हणतात, आणि पूर्ण बळ लावून हवा बाहेर ढकलताना जो धन दाब तयार होतो, त्यास कमाल उच्छ्वसन दाब म्हणतात. रुग्णालयांत हे दोन्ही दाब ‘एमआयपी’ आणि ‘एमईपी’ या आद्याक्षरांनी ओळखले जातात व पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरांत नोंदले जातात.

मोजणी काही मिनिटांची असते. त्यानंतरचा प्रश्न मात्र अवघड आहे. यंत्रावर ७० हा आकडा आला, तर तो अशक्तपणा समजायचा की त्या वयाच्या माणसाचे नैसर्गिक बळ? याचे उत्तर देण्यासाठी निरोगी माणसांचे आकडे हाताशी असावे लागतात. भारतातील प्रयोगशाळांत वापरले जाणारे असे आकडे बहुतांशी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ब्राझील येथील माणसांवरून काढलेले आहेत.

बंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट या वसाहतीच्या परिसरात हा प्रश्न विशेष प्रकर्षाने जाणवतो. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेली ही सात सेक्टरांची वसाहत बंगळुरू विकास प्राधिकरणाने वसवली. आज ती माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण नोकरदार आणि नवउद्योगांसाठी ओळखली जाते, आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेले तरुणही आहेत. वसाहतीच्या शेजारी कोरमंगला भागात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व त्याची संशोधन संस्था आहे. होसूर रस्त्यानेच शहराकडे काही किलोमीटर गेले की निम्हान्स ही मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांवरील राष्ट्रीय संस्था लागते. तेथे दक्षिण भारताच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या स्नायुविकाराच्या रुग्णांसाठी श्वसनस्नायूंचे बळ ही उपचाराची दिशा ठरवणारी बाब असते. निरोगी माणसांची वस्ती आणि ज्यांच्यासाठी निरोगी माणसांचे आकडे लागतात त्या रुग्णांच्या खाटा, ही दोन्ही टोके येथे एकाच रस्त्यावर आहेत.

पुण्याची आठवण

मराठी वाचकांना या विषयाचे गांभीर्य जानेवारी २०२५ मध्ये जवळून दिसले. पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. पुढील काही आठवड्यांत संशयित व निश्चित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि अनेकांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली व काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला.

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. अशक्तपणा बहुधा पायांतून वर चढतो आणि श्वासपटलाला आज्ञा नेणाऱ्या तंतूपर्यंत पोहोचला की श्वास कमी पडू लागतो. फुप्फुसे चांगली असतात, पण त्यांना ओढणारा दोर सैल झालेला असतो. अशा वेळी बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मापकावर विसंबून राहता येत नाही, कारण स्नायू थकत आले तरी तो आकडा बराच काळ ९५ च्या वर राहू शकतो. तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून डॉक्टर ‘२०-३०-४०’ हा नियम लक्षात ठेवतात. एका पूर्ण श्वासातील हवा शरीराच्या दर किलो वजनामागे २० मिलिलिटरपेक्षा कमी झाली, अंतःश्वसन दाब ३० सेंटिमीटरच्या खाली आला किंवा उच्छ्वसन दाब ४० सेंटिमीटरच्या खाली गेला, तर रुग्णाला श्वसनयंत्राची गरज लागण्याचा धोका वाढलेला असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रुग्णांच्या अभ्यासातून २००१ मध्ये हा नियम पुढे आला. हे तीन आकडे पुरुष आणि स्त्री, तरुण आणि वृद्ध अशा सर्वांसाठी एकच आहेत. हीच त्यांची सोय आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मर्यादाही.

खाटेजवळ आणखी एक जुनी युक्ती वापरली जाते. रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगतात. निरोगी माणूस सुमारे ५० पर्यंत पोहोचतो, आणि वीसच्या आतच दम संपला तर काळजीचे कारण असते. येथे एक बारीक मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. हे ठोकताळे मुख्यतः इंग्रजीत मोजणाऱ्यांवरून आले आहेत. मराठीत ‘एकोणतीस’, ‘अठ्ठेचाळीस’, ‘एकोणपन्नास’ म्हणायला जीभ अधिक फिरवावी लागते. सेकंदाला दोन आकडे ही गती राखली नाही, तर मराठी बोलणाऱ्या निरोगी माणसाचा दमही अलीकडेच संपू शकतो. त्यामुळे एकाच रुग्णाला एकाच भाषेत, एकाच गतीने रोज मोजायला लावून कालचा आणि आजचा आकडा ताडून पाहणे, हाच या युक्तीचा खरा उपयोग होय.

मोजणी होते कशी

चाचणीसाठी व्यक्तीला ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात आणि ओठ घट्ट मिटून धरता येईल असे रबरी किंवा प्लास्टिकचे मुखनळ देतात. अंतःश्वसन दाबासाठी आधी फुप्फुसांतील शक्य तेवढी सगळी हवा बाहेर टाकायची, मग बंद केलेल्या नळीतून पूर्ण बळाने हवा ओढायची. उच्छ्वसन दाबासाठी याच्या उलट, छाती पूर्ण भरून घ्यायची आणि बंद नळीत पूर्ण बळाने फुंकायची. नळी बंद असल्याने हवा जवळजवळ हलत नाही, फक्त दाब तयार होतो. दीड सेकंद तरी जोर टिकवावा लागतो, आणि क्षणिक शिखराऐवजी एका सेकंदाची सरासरी धरली जाते. तीन प्रयत्न एकमेकांशी जुळेपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करतात. काही मार्गदर्शिका १० टक्क्यांचा, तर काही २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात.

हवा रिकामी करून ओढण्याची आणि भरून घेऊन फुंकण्याची अट शरीररचनेतून आली आहे. कोणताही स्नायू योग्य तेवढा ताणलेला असताना सर्वाधिक जोर लावू शकतो. छाती रिकामी असताना श्वासपटल घुमटासारखे वर चढून लांब झालेले असते, म्हणून ओढण्याचे बळ तेव्हा जास्त. छाती भरलेली असताना पोटाचे स्नायू ताणलेले असतात, म्हणून फुंकण्याचे बळ तेव्हा जास्त. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णांत फुप्फुसांत हवा अडकून राहते, श्वासपटल सपाट होते, आणि स्नायू निकोप असूनही अंतःश्वसन दाब कमी भरतो. स्नायू दुबळा आहे की अडचणीच्या जागी उभा आहे, हे केवळ आकडा सांगत नाही.

यंत्रावर दिसणारा दाब सगळाच स्नायूंचा नसतो, हेही सांगायला हवे. पूर्ण रिकामी केलेली छाती स्वतःच्या लवचिकपणामुळे बाहेर उसळू पाहते व त्यातूनच ३० सेंटिमीटरपर्यंतचा ऋण दाब मिळतो. पूर्ण भरलेल्या छातीत ४० सेंटिमीटरपर्यंतचा धन दाब याच कारणाने आयता असतो. कुणी छाती नीट रिकामी न करता ओढले, तर हा आयता वाटा गळतो आणि निरोगी माणूसही अशक्त ठरतो.

मुखनळाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. लहान मूल नळीने सरबत पिताना छातीचे बळ लावत नाही, ते गाल आणि जीभ आत घेऊन पोकळी निर्माण करते. चाचणीत कुणी असे केले, तर छातीचा काही संबंध नसताना मोठा दाब दिसेल. छिद्र असले की गालांनी निर्माण केलेला दाब लगेच गळून जातो, फुप्फुसांतील हवेच्या मोठ्या साठ्यावर मात्र इतक्याशा गळतीचा परिणाम जाणवत नाही. मेयो क्लिनिकमधील लिओ ब्लॅक आणि रॉबर्ट हायट यांनी १९६९ मध्ये १२० निरोगी व्यक्तींचे दाब मोजले, तेव्हाच्या उपकरणातही असे छिद्र होते. आजच्या हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतही ते असते.

या दाबांची कल्पना यावी म्हणून : १०० सेंटिमीटर म्हणजे एक मीटर उंच नळीतून पाणी वर खेचण्याइतके बळ. समुद्रसपाटीवर वातावरणाचा एकूण दाब साधारण १,०३० सेंटिमीटर असतो, म्हणजे निरोगी तरुण पूर्ण जोर लावून वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ओढ निर्माण करतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंचावर असल्याने तेथे हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी आहे, पण चाचणीच्या आकड्यावर त्याचा फरक पडत नाही. यंत्र भोवतालच्या हवेच्या तुलनेतच दाब मोजते, आणि स्नायूला उंचीचे देणेघेणे नसते. मुंबईचा अहवाल आणि बंगळुरूचा अहवाल शेजारी ठेवून वाचता येतो.

एककांचा घोळ मात्र खरा धोका आहे. जुने अभ्यास पाऱ्याच्या मिलिमीटरांत, काही युरोपीय अहवाल किलोपास्कलमध्ये आणि बाकीचे पाण्याच्या सेंटिमीटरांत असतात. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे पाण्याचे १.३६ सेंटिमीटर, तर एक किलोपास्कल म्हणजे सुमारे १०.२ सेंटिमीटर. पाऱ्याचे ६० मिलिमीटर म्हणजे पाण्याचे ८२ सेंटिमीटर, म्हणजे निर्धोक आकडा. एकक न पाहता कुणी तोच ६० हा पाण्याचा समजला, तर धडधाकट माणूस संशयितांच्या यादीत जातो.

एकाच माणसाचे चार ‘सामान्य’

तीस वर्षांचा एक निरोगी पुरुष घ्या. ब्लॅक आणि हायट यांचे समीकरण पुरुषांसाठी १४३ मधून वयाची ०.५५ पट वजा करायला सांगते. अपेक्षित अंतःश्वसन दाब सुमारे १२६ येतो. ब्रिटनमधील विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिलेल्या समीकरणाने तोच आकडा १११ होतो. ब्राझीलमधील नेडर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या समीकरणाने १३१. कॅनडातील इव्हान्स आणि व्हाइटलॉ यांनी २००९ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून काढलेल्या समीकरणाने १०८. माणूस तोच, वय तेच आणि अपेक्षा मात्र १०८ पासून १३१ पर्यंत.

हा फरक निव्वळ वंशाचा किंवा देशाचा मानण्याची घाई करू नये. मुखनळ ओठांबाहेर दाबून धरायचे की दातांआड बसवायचे, एवढ्यानेही आकडा बदलतो. शिखर धरायचे की सेकंदाची सरासरी, किती प्रयत्न करू द्यायचे, परीक्षकाने किती जोराने ‘ओढा, ओढा, अजून ओढा’ म्हणायचे, या सगळ्यांचा हिशेब त्या आकड्यात असतो. ही चाचणी माणसाच्या इच्छेवर अवलंबून आहे. पहिल्या प्रयत्नापेक्षा पाचवा बरा असतो आणि आजच्यापेक्षा आठवड्यानंतरचा बरा असतो, कारण माणूस युक्ती शिकतो. स्नायू तेवढ्यात वाढलेला नसतो.

बहुतेक सर्व अभ्यास दोन गोष्टींवर एकमत आहेत. स्त्रियांचे दाब पुरुषांपेक्षा सरासरी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी असतात आणि वयाबरोबर दोघांचेही दाब उतरतात. उंची व वजनाचा प्रभाव मात्र फुप्फुसांच्या आकारमानावर पडतो तितका दाबांवर पडत नाही. याचे कारण दाबाच्या व्याख्येतच आहे. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचे बळ. लहान चणीच्या माणसाचा स्नायू लहान असतो, तशी छातीही लहान असते, त्यामुळे भागाकार फारसा बदलत नाही.

‘सामान्य’ या शब्दातील खरी अडचण सरासरीत नसून पसाऱ्यात आहे. निरोगी माणसांमध्येच हे दाब इतके पसरलेले असतात की सर्वात खालच्या पाच टक्क्यांची रेषा सरासरीच्या निम्म्यापर्यंत उतरते. इव्हान्स आणि व्हाइटलॉ यांच्या समीकरणानुसार तीस वर्षांच्या पुरुषाची सरासरी १०८ असली तरी खालची मर्यादा ५७ च्या आसपास आहे. साठ वर्षांच्या स्त्रीची सरासरी ७१ आणि खालची मर्यादा अवघी ३२ आहे. जीबीएसच्या नियमातील धोक्याचा आकडा ३० होता, हे येथे आठवावे. सत्तरीतील स्त्रीसाठी हीच मर्यादा २७ वर येते, म्हणजे धोक्याच्या रेषेच्याही खाली. एखादी निरोगी आजी केवळ या एका आकड्यावरून तपासली, तर ती श्वसनयंत्राच्या उंबरठ्यावर उभी असल्याचे दिसेल. उलटपक्षी, आजारापूर्वी १३० दाब असलेला तरुण ६५ वर आला, तर त्याचे अर्धे बळ गेलेले असते आणि अहवालावर मात्र ‘सामान्य मर्यादेत’ असे छापून येते.

यातून जाणकार एक व्यावहारिक नियम पाळतात. चांगला आकडा विश्वासार्ह असतो, वाईट आकडा संशयास्पद असतो. पुरुषात ८० आणि स्त्रीत ७० सेंटिमीटरहून अधिक अंतःश्वसन दाब आला, तर गंभीर अशक्तपणा नाही असे बहुधा निःशंकपणे म्हणता येते, कारण एवढा दाब चुकून निर्माण होत नाही. आकडा कमी आला तर मात्र स्नायू दुबळा असेल, ओठांतून हवा गळाली असेल, सूचना कळली नसेल, पोटात दुखत असेल किंवा माणसाने मनापासून जोर लावला नसेल. भाषेचा अडसरही यात मोठा आहे. कन्नड न येणाऱ्या मराठी रुग्णाला किंवा मराठी न येणाऱ्या कन्नड रुग्णाला खुणांनी समजावून घेतलेली ही चाचणी अर्धीच झालेली असते.

भारतीय माणूस कुठे आहे

निरोगी माणसांचे श्वसन मोजण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे शल्यवैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटर जगापुढे ठेवला, त्या वेळी त्यांनी दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली होती. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, अग्निशामक होते आणि कंगालही होते. हवेचे आकारमान मोजून ते थांबले नाहीत, पाऱ्याच्या मापकाने त्यांनी श्वसनाचे बळही मोजले. व्यवसाय आणि परिस्थितीनुसार माणसांची नोंद वेगळी ठेवण्याची त्यांची दृष्टी नंतरच्या अनेक अभ्यासांत हरवली.

भारतात फुप्फुसांच्या आकारमानाचे संदर्भ बऱ्यापैकी गोळा झाले आहेत आणि त्यांत मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७७ आणि १९८२ मध्ये, तर डॉ. फारुख उदवाडिया व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निरोगी भारतीयांच्या फुप्फुस-क्षमतेचे अभ्यास प्रसिद्ध केले. उत्तर भारतासाठी २०१४ मध्ये आणि पश्चिम भारतासाठी २०१६ मध्ये नवी समीकरणे आली. तरीही २०१२ मध्ये जगभरासाठी तयार झालेल्या समीकरणांत भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गट नव्हता. वंशाचा रकाना काढून टाकलेली सुधारित जागतिक समीकरणे २०२२ मध्ये आली.

श्वसनस्नायूंच्या दाबाबाबत मात्र एवढीही शिदोरी नाही. मंगळुरूच्या निरोगी लोकांवरील एक अभ्यास २०११ मध्ये ‘लंग इंडिया’ या नियतकालिकात आला. संशोधकांनी स्वतःच त्याला प्राथमिक पाहणी म्हटले होते. किनारपट्टीवरील एका शहराचा हा आकडा मोलाचा आहे, परंतु तो मेळघाटातील शेतमजुराला, सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला किंवा बंगळुरूच्या संगणक अभियंत्याला लावणे धाडसाचे ठरेल.

फुप्फुसांच्या आकारमानावरून दाबांचा अंदाज बांधावा, असा मोह होतो. १७ देशांतील लोकांच्या ‘प्युअर’ या मोठ्या अभ्यासात भारताच्या कामाची सूत्रे सेंट जॉन्स संशोधन संस्थेकडे होती. त्यातून २०१३ मध्ये असे दिसले की वय, उंची आणि लिंग जमेस धरूनही पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचे प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत उत्तर अमेरिका व युरोपच्या तुलनेत सुमारे ३१ टक्के कमी आहे. म्हणून भारतीयांचे श्वसनदाबही ३१ टक्के कमी धरावेत काय? तसे करता येणार नाही. लहान फुप्फुस म्हणजे दुबळा स्नायू नव्हे, हे वर पाहिलेच. परदेशी समीकरणाला ठरावीक टक्के कात्री लावण्याची जी पद्धत स्पायरोमेट्रीत अनेक वर्षे चालली, ती येथे आणण्यास काहीही आधार नाही.

पोषणाचा मुद्दा अधिक थेट आहे. श्वासपटल हा शेवटी स्नायूच आहे. शरीर झिजते तेव्हा तोही झिजतो. अरोरा आणि रॉचेस्टर यांनी १९८२ मध्ये कुपोषित रुग्णांत श्वसनस्नायूंचे बळ ठळकपणे घटल्याचे दाखवले. सेंट जॉन्समधील मारिओ वाझ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दीर्घकाळ अल्पपोषित प्रौढांच्या मुठीच्या पकडीचे बळ मोजून ते पोषणस्थितीचा निर्देशक ठरू शकते काय, हे तपासले होते. हाताच्या पकडीवर जे लागू पडते ते श्वासपटलावर जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. पण ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्या माणसांत किती जण बारीक, किती जण बालपणी अर्धपोटी आणि किती जण पोट सुटलेले होते, हे भारतीय अभ्यासात सांगावेच लागेल.

समजा, एचएसआर लेआउटमध्येच निरोगी प्रौढांची मोजणी करायची ठरवली, तर कोण सापडतील? पंचविशी-तिशीतील, दिवसभर खुर्चीत बसणारे, इंग्रजी सूचना सहज समजणारे, सकाळी अगरा तलावाकाठी धावणारे किंवा व्यायामशाळेचे सदस्य असणारे लोक स्वेच्छेने पुढे येतील. त्याच सेक्टरांत घरकामाला येणाऱ्या बायका, इमारतींवर विटा वाहणारे उत्तर कर्नाटकातील मजूर, दुचाकीवर जेवण पोहोचवणारी मुले मात्र सहजी येणार नाहीत, कारण त्यांची तासाभराची मजुरी बुडते. निम्हान्सच्या खाटेवर उद्या येणारा रुग्ण यांपैकी कोणत्या गटातील असेल, हे उघड आहे. नमुना निवडताना तासाभराची मजुरी भरून देणे हा खर्चाचा मुद्दा वाटतो, पण आकड्याचा खरेपणा त्यावरच ठरतो.

नाकातून, सुईविना

तोंडाने जोर लावणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी नाकाची चाचणी आहे. एका नाकपुडीत बुच बसवून त्यातून दाब मोजतात आणि दुसऱ्या नाकपुडीने जोरात हुंगायला सांगतात, तपकीर ओढल्यासारखे. हुंगणे ही ओळखीची क्रिया असल्याने शिकवावी लागत नाही. उल्ड्री आणि फिटिंग यांनी १९९५ मध्ये १६० निरोगी व्यक्तींवर ती तपासली. त्यांच्या समीकरणाने तीस वर्षांच्या पुरुषाचा अपेक्षित दाब ११४ आणि स्त्रीचा ८८ च्या आसपास येतो. जीबीएस किंवा मोटर न्यूरॉन आजारात चेहऱ्याचे स्नायू दुबळे होऊन ओठ मिटत नाहीत, तेव्हा तोंडाची चाचणी खोटा कमी आकडा देते आणि नाकाची चाचणी उपयोगी पडते. सर्दीने नाक चोंदले असेल तर तीही फसते. दोन्ही चाचण्या करून मोठा आकडा धरणे हा शहाणपणाचा मार्ग मानला जातो.

इच्छेवर अवलंबून नसलेल्या चाचण्याही आहेत. मानेतील मज्जातंतूला चुंबकीय झटका देऊन अन्ननलिका व जठरात सोडलेल्या फुग्यांद्वारे श्वासपटलाचा दाब मोजता येतो, पण ते काम मोजक्या प्रयोगशाळांतच होते. सोनोग्राफीने श्वासपटलाची जाडी आणि हालचाल पाहण्याची पद्धत वेगाने रुळत आहे. सर्वात साधी खूण म्हणजे आडवे झाल्यावर श्वास कमी पडणे. निरोगी माणूस उताणा झोपला तर त्याची श्वासक्षमता दहा टक्क्यांच्या आतच घटते. पाव हिश्श्याहून अधिक घट श्वासपटलाच्या अशक्तपणाकडे बोट दाखवते.

प्राणायाम, चेंडू आणि सराव

कोविडनंतर घरोघरी दिसू लागलेले तीन चेंडूंचे उपकरण श्वसनस्नायूंचे बळ मोजते, असा समज पसरला आहे. ते हवेच्या प्रवाहाचा वेग दाखवते. चेंडू वर जाण्यासाठी फार थोडा दाब पुरतो. तिन्ही चेंडू तरंगले म्हणजे स्नायू उत्तम, असा त्याचा अर्थ होत नाही. बळ वाढवण्यासाठीची साधने वेगळी असतात. त्यांत ठरावीक दाब निर्माण केल्याशिवाय झडप उघडतच नाही, आणि त्या दाबाची पातळी व्यक्तीच्या मोजलेल्या कमाल दाबावरून ठरवतात. म्हणजे तेथेही मोजणी आधी येते.

योगाभ्यासाचा परिणाम पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत मदनमोहन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अभ्यासला. २७ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १२ आठवडे योग केल्यानंतर त्यांचे दोन्ही दाब वाढलेले आढळले. तेथील नोंदी पाऱ्याच्या मिलिमीटरांत आहेत, हे आकडे उद्धृत करताना विसरू नये. चाचणीचा सराव हाही अशा वाढीचा एक भागीदार असतो, त्यामुळे योग न करणाऱ्या पण तितक्याच वेळा चाचणी देणाऱ्या लोकांशी तुलना केल्यावरच योगाचा नेमका वाटा कळू शकतो. भारतात ‘निरोगी’ नमुना गोळा करताना प्राणायाम करणारे, शहनाई वा बासरी वाजवणारे, गायक आणि पोहणारे यांची नोंद वेगळी ठेवणे सयुक्तिक ठरेल.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, छातीत हवा साठलेल्या, महाधमनीला फुगवटा असलेल्या किंवा डोळ्यांची व पोटाची ताजी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी ही चाचणी टाळावी, कारण कमाल जोर लावताना छाती, पोट आणि डोळ्यांतील दाब एकदम वाढतो. इतरांच्या बाबतीत ती निर्धोक असून थोडी गरगर किंवा कानात दडे बसण्यापलीकडे सहसा त्रास होत नाही.

अहवाल हाती आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात : एकक कोणते, प्रयत्न किती व त्यांत फरक किती, तुलना कोणत्या समीकरणाशी केली आणि खालची मर्यादा किती धरली. केवळ ‘अपेक्षिताच्या ६२ टक्के’ एवढेच छापलेले असेल, तर कोणाच्या अपेक्षेच्या, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. ज्यांना मायस्थेनिया, स्नायूक्षय किंवा मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले आहे, त्यांनी पहिलाच अहवाल जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक चाचणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर करून घ्यावी. १२० निरोगी अमेरिकनांच्या सरासरीपेक्षा त्यांचा स्वतःचा सहा महिन्यांपूर्वीचा आकडा डॉक्टरांना अधिक सांगून जातो.